पाण्यावरचा हक्क आणि विम्याचे कवच

निवासी शाळेतील मुलामुलींनी पाण्यावर नाव वल्हवायला शिकावे की नाही, हा प्रश्न अलीकडे आपल्या पालकसभांतून वारंवार विचारला जाऊ लागला आहे. कयाक, कनू, राफ्टिंग हे शब्द आता आपल्या मुलांच्या तोंडी आहेत. कोलाडच्या कुंडलिका नदीवरील राफ्टिंगची चित्रे ती मोबाईलवर पाहतात, आणि सुटीतील साहस शिबिरांची पत्रके शाळेच्या कार्यालयात येऊन पडतात. पालकांपैकी काही जण उत्साहाने होकार देतात, काही जण भीतीने नकार देतात. मात्र होकार देणारे आणि नकार देणारे असे दोघेही एक प्रश्न सहसा विचारत नाहीत : अपघात झालाच, तर त्या मुलाच्या पाठीशी कायद्याने आणि कराराने नेमके कोण उभे राहील? प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

अवर्षणाचा प्रदेश, पाण्याचा शेजार

शनिशिंगणापूरचा परिसर हा अवर्षणप्रवण जिल्ह्याचा भाग. तरीही मोठे पाणी आपल्यापासून दूर नाही. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा धरण आहे. आपल्याच नेवासा तालुक्यात प्रवरासंगम येथे प्रवरा गोदावरीला मिळते, आणि तेथून पुढे जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा नेवासा व शेवगाव तालुक्यांच्या शिवारापर्यंत पसरलेला आहे. याशिवाय गावोगावी विहिरी, शेततळी आणि कालवे आहेत. म्हणजे आपली मुले पाण्यापासून दूर ठेवली तरी पाणी त्यांच्यापासून दूर राहत नाही. ज्याला पोहता येत नाही आणि नावेत कसे बसावे हे ठाऊक नाही, त्याला हा शेजार अधिक धोक्याचा ठरतो.

आमच्या समाजाच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, तो सार्वजनिक पाण्यावरील समान हक्कासाठी. ज्या पाणवठ्याला स्पर्श करण्याची मनाई होती, त्या पाण्यात पोहणे वा नाव वल्हवणे तर कल्पनेपलीकडचे होते. त्यामुळे आजच्या मुलांनी जलक्रीडेत उतरणे ही आम्हाला निव्वळ करमणूक वाटत नाही. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोही या दुष्काळी गावातील दत्तू भोकनळ सैन्यात गेले, तेथे रोइंग शिकले, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्पर्धेत तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्णपदक विजेते ठरले. कोरड्या गावचा मुलगा पाण्यावर नाव काढू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र त्यांच्यामागे शिस्तबद्ध प्रशिक्षण देणारी एक मोठी संस्था उभी होती. आपल्या मुलांना पाण्यावर पाठवताना त्यांच्यामागे कोण उभे आहे, हे आपणच पाहिले पाहिजे.

घडून गेलेल्या दुर्घटना काय सांगतात

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रकिनारी सहलीस आलेल्या पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांनी भरलेली नाव उलटून ३ मुलींचा मृत्यू झाला. १८ जानेवारी २०२४ रोजी गुजरातेत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली; त्यात १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. त्या नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. आपल्या जिल्ह्यात मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत तरुण बुडाले, आणि त्यांच्या शोधासाठी उतरलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची नाव उलटून त्या दलाच्या ३ जवानांना प्राण गमवावे लागले. प्रशिक्षित माणसांनाही पाणी दयामाया दाखवत नाही, हे या घटनेने जिल्ह्याला कळले.

यांपैकी एकाही मृत्यूला विमा थोपवू शकला नसता, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. जीव वाचवते ते लाइफ जॅकेट, मर्यादित प्रवासीसंख्या, जाणकार प्रशिक्षक आणि हवामान पाहून वेळीच घेतलेला नकार. विम्याचे काम त्यानंतरचे आहे. रुग्णालयाचे बिल, कायमचे अपंगत्व, कुटुंबाची उद्ध्वस्त होणारी घडी आणि शाळेवर येणारी कायदेशीर जबाबदारी यांचा भार एका घरावर पडू न देता तो अनेकांत वाटून घेणे, हा विम्याचा अर्थ होय.

अनुग्रह आणि हक्क

महाराष्ट्रात इयत्ता पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना आहे. पूर्वी ती विमा कंपन्यांमार्फत चालत असे. २०१३ पासून शासन स्वतः सानुग्रह अनुदान देते. जून २०२२ च्या शासन निर्णयानुसार अपघाती मृत्यूसाठी १,५०,००० रुपये, दोन अवयव वा दोन्ही डोळे कायमचे निकामी झाल्यास १,००,००० रुपये, एक अवयव वा एक डोळा निकामी झाल्यास ७५,००० रुपये, आणि शस्त्रक्रिया करावी लागल्यास प्रत्यक्ष खर्च, कमाल १,००,००० रुपये, अशी तरतूद आहे. पोहताना झालेल्या मृत्यूचा आणि क्रीडास्पर्धेत झालेल्या दुखापतीचाही त्यात उल्लेख आहे. पालकांनी शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा असतो. ही योजना प्रत्येक पालकाला ठाऊक असली पाहिजे, कारण तिला हप्ता भरावा लागत नाही.

दुसरी योजना शेतकऱ्यांची. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वर्षे वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील कोणताही एक सदस्य यांना अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे साहाय्य आहे. पाण्यात बुडून झालेला मृत्यूही त्यात येतो. परंतु या योजनेचा आधार सातबारा हा आहे. ज्याच्या नावावर जमीन आहे, त्याच्याच घराला ती लागू. आपल्या वसतिगृहातील कितीतरी मुले भूमिहीन शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची आहेत. त्यांच्या घरी सातबारा नाही. एकाच नावेत शेजारी बसलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या घराला या योजनेचे दार उघडे असते, तर दुसऱ्याच्या घराला ते बंदच असते. पिढ्यान्‌पिढ्यांची भूमिहीनता अशा रीतीने अपघातानंतरच्या कागदांपर्यंत पोहोचते.

तिसरी योजना म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला केवळ २० रुपये हप्त्यात २ लाखांचे अपघात संरक्षण ती देते. जोखीम कोट्यवधी लोकांत वाटली गेली की हप्ता किती खाली येतो, याचे हे उत्तम उदाहरण. मात्र तिची वयोमर्यादा १८ ते ७० आहे. म्हणजे शिक्षक, प्रशिक्षक, अधीक्षक आणि १८ वर्षे पूर्ण केलेले विद्यार्थी तिच्यात येतात. शाळकरी मूल येत नाही. उपचारांच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे, परंतु तो योजनेतील रुग्णालये आणि ठरलेले उपचार यांपुरता.

‘सानुग्रह’ या शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. अनुग्रह म्हणजे कृपा. शासनाने दिलेली रक्कम मोलाची आहेच, परंतु तिचे स्वरूप साहाय्याचे आहे. विमा हा मात्र करार आहे. हप्ता भरला, अटी पाळल्या, की रक्कम मागणे हा हक्क होतो. हा भेद बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य असताना प्रा. बी. पी. अडारकर यांचा कामगारांच्या आरोग्य विम्यावरील अहवाल १९४४ मध्ये सादर झाला, आणि त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात तर त्यांनी विमा व्यवसाय सर्वस्वी राज्याच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकास त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे बंधनकारक असावे, अशी मागणी मांडली. आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आले. बाबासाहेबांच्या विचारात विमा हे श्रीमंतांच्या संपत्तीचे साधन नव्हते. सामाजिक सुरक्षेचा तो पाया होता.

दोन प्रकारचे विमे, दोन वेगळी कामे

जलक्रीडेच्या संदर्भात दोन विम्यांची गल्लत नेहमी होते. पहिला अपघात विमा. चूक कोणाची हे न पाहता, अपघात झाला एवढ्यावर तो मुलाच्या कुटुंबाला रक्कम देतो. शाळा सर्व विद्यार्थ्यांसाठी तो समूह स्वरूपात घेऊ शकते. दुसरा उत्तरदायित्वाचा विमा. शाळेच्या किंवा जलक्रीडा केंद्राच्या हलगर्जीपणामुळे मुलाला इजा झाली आणि न्यायालयाने भरपाई ठरवली, तर ती भरपाई या विम्यातून दिली जाते. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा नावावरून इथे लागू वाटतो. परंतु भोपाळ दुर्घटनेनंतर आलेला तो कायदा घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी आहे, नाव वल्हवणाऱ्यांसाठी नाही. मोटारीला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केला आहे. हाताने वल्हवायच्या छोट्या कयाकसाठी तशी सक्ती नाही. म्हणून इथे शाळेने स्वतःहून जागरूक राहावे लागते.

शाळेची जबाबदारी किती मोठी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले. मे १९९५ मध्ये पंजाबातील पठाणकोटजवळच्या एका शाळेची मुले सहलीसाठी बियास नदीकाठी गेली आणि १४ मुले बुडाली. शिक्षकांच्या निष्काळजीपणाबद्दल शाळेला जबाबदार धरून प्रत्येक मुलाच्या पालकांना ५ लाख रुपये भरपाई देण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. ‘मुलास आमच्या जबाबदारीवर पाठवीत आहोत’ अशा हमीपत्रावर पालकांची सही घेतली की आपण मोकळे झालो, असा समज अनेक संस्थांत आहे. तो चुकीचा आहे. संमतीपत्राने पालकांना माहिती मिळाल्याचे सिद्ध होते. मुलाची काळजी घेण्याचे शाळेचे कर्तव्य त्याने संपत नाही. निवासी शाळेत तर मूल चोवीस तास शाळेच्या हवाली असते.

पॉलिसीत काय वाचावे

एकदा एका जलक्रीडा केंद्राच्या पावतीवर ‘विमा समाविष्ट’ असे छापलेले आमच्या पाहण्यात आले. आम्ही पॉलिसीची प्रत मागितली. ती मिळाली नाही, आणि सहल तेथे गेली नाही. पावतीवरचे दोन शब्द म्हणजे विमा नव्हे. मुलांना पाठवण्यापूर्वी पुढील गोष्टी पॉलिसीच्या कागदावर पाहून घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो.

१. खेळाचे नाव. कयाकिंग, कनू, राफ्टिंग असा स्पष्ट उल्लेख असावा. साहसी खेळ वगळणारे कलम बहुतेक पॉलिसींत असते, आणि त्याचे शब्द महत्त्वाचे असतात. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यासाठी ठरवून दिलेल्या भाषेत, व्यावसायिक म्हणून साहसी खेळात भाग घेतल्यास होणारा उपचारखर्च वगळला आहे, आणि उदाहरणांत राफ्टिंगचे नाव आहे. शिकाऊ विद्यार्थी व्यावसायिक नसतो, हे दावा करताना ठामपणे मांडता येते. अपघात विम्याची भाषा याहून कडक असू शकते. म्हणून ती वेगळी वाचावी.

२. वेळ आणि ठिकाण. संरक्षण केवळ शाळेच्या वेळेपुरते आहे की शाळेच्या फाटकातून निघाल्यापासून परत येईपर्यंत, प्रवास व मुक्काम धरून आहे, हे पाहावे. सराव आणि स्पर्धा दोन्ही त्यात हव्यात.

३. उपचारखर्च. अपघात विमा मुख्यतः मृत्यू व अपंगत्वासाठी असतो; रुग्णालयाच्या खर्चाची तरतूद अनेकदा जादा हप्ता भरून जोडावी लागते. बुडता बुडता वाचलेल्या मुलाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागू शकते, हे ध्यानात ठेवावे.

४. मुलांची यादी. समूह पॉलिसीला जोडलेल्या यादीत प्रत्येक मुलाचे नाव, आणि वर्षाच्या मध्ये प्रवेश घेतलेल्यांचेही नाव आहे की नाही, हे तपासावे. निराधार मुलांचे कायदेशीर पालक कोण, याची नोंद आधीच असावी.

५. केंद्राचा उत्तरदायित्व विमा. त्याची मुदत, एका अपघातासाठीची कमाल रक्कम आणि मुख्य म्हणजे खेळात भाग घेणाऱ्यांची इजा त्यातून वगळलेली नाही ना, हे पाहावे. काही पॉलिसी काठावर उभ्या असलेल्याला संरक्षण देतात आणि नावेत बसलेल्याला वगळतात.

६. अटी. लाइफ जॅकेट, नावेची क्षमता, पात्र प्रशिक्षक, शासनाची नोंदणी या अटी मोडल्या तर दावा नाकारला जाऊ शकतो. राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार जमीन, पाणी आणि हवेतील साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र मागण्यात संकोच नसावा. जायकवाडी हे पक्षी अभयारण्यही असल्याने तेथे वन विभागाच्या परवानगीचा प्रश्न वेगळा येतो.

अपघात घडलाच तर विमा कंपनीला लगेच लेखी कळवावे. पोलीस पंचनामा, रुग्णालयाची कागदपत्रे, दुर्दैवाने मृत्यू झाल्यास शवविच्छेदन अहवाल, शाळेचा दाखला आणि त्या दिवशीचे हजेरीपत्रक जपून ठेवावे. दुःखाच्या भरात पंचनामा व शवविच्छेदन टाळण्याकडे कुटुंबाचा कल असतो. पुढे त्याच कारणाने दावा अडतो. अशा वेळी शाळेचा जाणता माणूस कुटुंबासोबत असला पाहिजे. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास पुण्यातील विमा लोकपाल कार्यालयाकडे तक्रार करता येते, तसेच जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.

श्रद्धेच्या गावातील व्यवस्था

दारे-कुलपे नसलेल्या घरांसाठी शनिशिंगणापूर सर्वत्र प्रसिद्ध आहे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने येथे शाखा उघडली, तेव्हा कुलूप नसलेली बँक म्हणून तिची मोठी चर्चा झाली. मात्र गावाच्या भावनेचा मान राखूनही बँकेने काचेच्या दाराला सहजी न दिसणारे, दूरनियंत्रकाने चालणारे विद्युतचुंबकीय कुलूप बसवले असल्याचे पुढे वृत्तपत्रांतून आले. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. लोकांच्या ठेवी ज्याच्या हाती आहेत, त्याने व्यवस्था केलीच पाहिजे. आपल्या हाती तर लोकांची मुले आहेत. ‘आजवर काही झाले नाही’ हे वाक्य बँकेला पुरले नाही. शाळेलाही ते पुरू नये.

आपण काय करावे

शाळा समिती, पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यासमोर आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, जलक्रीडेपूर्वी प्रत्येक मुलाला पोहण्याचे प्राथमिक शिक्षण मिळावे, आणि मुलींना त्यातून वगळू नये. दुसरी, विमा क्षेत्रात, बँकेत व वकिलीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांची छोटी समिती असावी. तिने दरवर्षी जूनमध्ये शाळेची समूह पॉलिसी ओळ न् ओळ वाचून तिचा सारांश मराठीत पालकसभेत सांगावा. तिसरी सूचना आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. हप्ता सर्व मुलांसाठी एकाच निधीतून भरला जावा. ऐपत असलेल्यांनी आपल्या मुलापुरता भरला आणि भूमिहीनाच्या मुलासाठी कोणी दानशूराने भरला, अशी विभागणी नको. दान घेणाऱ्याची मान खाली जाते. समान निधीतील वाटा घेणाऱ्याची जात नाही. माजी विद्यार्थ्यांनी वार्षिक वर्गणीचा काही भाग या निधीसाठी राखून ठेवला, तर सातबारा असलेल्या आणि नसलेल्या घरांतील मुले विम्याच्या कागदावर तरी एकाच ओळीत येतील.

येत्या हिवाळ्यात एखादे शिबिर ठरलेच, तर नाव पाण्यात ढकलण्यापूर्वी पॉलिसीची प्रत सूचनाफलकावर लागलेली असावी. पालकांनी ती मागावी, आणि शिक्षकांनी मागण्याआधीच दाखवावी.